सहाशे बारा ठोंब

३ मार्च, रविवार

आज पुन्हा तेच. भांडी धुताना मान वर केली आणि ऐरणीवर सोनेरी छप्पर शोधलं. तेवीस वर्षं झाली ते उतरवून! बशी नळाखाली तशीच धरून उभी राहिले. मर्डो म्हणाला, पाणी वाहतंय. वाहू दे म्हटलं.

समोरच्या त्या ऐरण नावाच्या बसक्या टेकडीवर अकरा महिने एका राजाचं नगर होतं. लाकडी भिंती, गवती छपरं, घोड्यांची मुंडकी कोरलेले खांब. चित्रपटवाल्यांनी बांधलं, हवं ते टिपलं आणि शेवटचा खिळासुद्धा उचलून नेला. आता वर गवत आणि वारा. तरी माणसं जगाच्या टोकावरून येतात आणि काहीच नसलेल्या जागेचे फोटो काढतात. त्यांना हसायचा मला काय अधिकार! मी तर रोज भांडी धुताना बघते.

ही खिडकी आता आठ आठवडेच. डॉक्टरनं मर्डोला स्पष्ट सांगितलं, या हृदयाला घेऊन दवाखान्यापासून दोन तासांवर राहायचं नाही. एप्रिलअखेर टिमारू शहरात, कॅट्रिओनाच्या घराजवळ. लेकीनं जागा बघूनही ठेवली आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून काय दिसतं, विचारलं. शेजाऱ्यांची गाडी म्हणाली.

८ मार्च

गावच्या संग्रहालयातली ब्रायोनी आली होती. गोड मुलगी, पण बूट पुसत नाही. त्या चित्रपटांच्या चाहत्यांच्या मंडळाला आम्ही जाण्याआधी ऐरणीच्या पायथ्याशी एक दगड बसवायचा आहे. नदीतलाच दगड, गावातला पाथरवट कोरणार. मजकूर मर्डोनं आधीच सांगून टाकलाय, मला न विचारता! ब्रायोनीनं वाचून दाखवला —

‘इथे एक नगर उभं राहिलं आणि गेलं. उपटलेला प्रत्येक ठोंब आपल्या मूळ जागी परतला. ते एल्स्पेथ ॲबरनेथीच्या हातून घडलं.’

मर्डो माझ्याकडे बघत होता. लग्नात बघत होता तसा. मी म्हटलं, ओव्हनमध्ये स्कोन जळतायत. ओव्हनमध्ये काही नव्हतं.

१२ मार्च, मंगळवार

इथं तरी लिहून टाकते. त्या वर्षीच्या वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं. वही कुणी वाचली तर, अशी भीती! कोण वाचणार होतं, कुत्री?

बांधायची परवानगी एका अटीवर मिळाली होती. काम संपलं की टेकडी होती तशी करून द्यायची. म्हणून आधी गवताचे ठोंब उपटले. सहाशे बारा. प्रत्येकाला सुतळीनं पत्र्याचा बिल्ला बांधला. बिल्ल्यावर आकडा आणि कोणता आकडा टेकडीवर कुठला, त्याचा मोठा नकाशा. ठोंब गोणपाटात गुंडाळून आमच्या मोठ्या वाडग्यात, मेंढरं कोंडायच्या कुंपणात, ओळीनं ठेवले आणि सांभाळायला मी. वर्षभर पाणी घातलं. थंडीत पेंढा पांघरला. माझ्या पोरीला एवढं जपलं नसेल.

मग एप्रिल. मर्डो, राविरी आणि बाकीचे डोंगरावरून मेंढरं उतरवायला गेलेले. सहा दिवसांचं काम. चौथ्या दिवशी दुपारी वायव्येचा वारा सुटला. घराचे पत्रे वाजायला लागले. खालच्या कुरणात चाळीस तरण्या मेंढ्या उघड्यावर. जन्म मेंढरांत गेलेल्या बाईचे हात अशा वेळी डोक्याला विचारत नाहीत. मी धावत गेले आणि मेंढ्या आडोशाला घेतल्या — मोठ्या वाडग्यात. फाटक लावलं, घरी आले, चहा केला. चहा अर्धा प्यायल्यावर आठवलं!

ठोंबाचं पातं त्यांनी फारसं खाल्लं नव्हतं. सुतळी खाल्ली होती. ती मऊ, पाण्यानं भिजलेली. दोनशेच्या वर बिल्ले चिखलात, खुरांखाली.

दोन दिवस वाडग्यात गुडघ्यांवर बसून होते. दुसऱ्या दिवशी गारठा, बर्फाचे कण. बिल्ले धुवायचे, सुतळी कापायची, बांधायची. कुठला आकडा कुणाचा, देव जाणे. सुचेल तसं बांधत गेले. सहाव्या दिवशी पुरुष उतरायचे होते. त्या संध्याकाळी मर्डो आला असता तर पकडली गेले असते. पण बाकीचे मेंढरं घेऊन परस्पर पलीकडच्या कुरणात उतरले आणि तो एक दिवस उशिरा आला. मेंढरं कड्याला अडकली म्हणाला. सुटले मी! आणि वर त्यालाच फैलावर घेतलं, की तुझ्यासाठी ठेवलेलं मटण सुकून काठी झालं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

पुढं लावणी झाली तेव्हा सरकारी माणसं नकाशा घेऊन एकेक बिल्ला तपासत फिरली. आकडा जुळला की खूश. सगळं जुळलं. हात मिळवले माझ्याशी.

पण ठोंब खोटं बोलत नाही. वाऱ्याच्या तोंडी वाढलेला एका अंगाला झुकलेला असतो, आडोशाचा ताठ. पहिली चार-पाच वर्षं मी ऐरणीवर गेले की दिसायचं — वाऱ्याच्या बाजूला ताठ उभे आणि आडोशाला झुकलेले, बिनकारण. नंतर वाऱ्यानं सगळ्यांना सारखं केलं.

१३ मार्च

सांगायचं ठरवलं. सांगितलं नाही. चहा त्यानं केला होता आणि चांगला झाला होता.

१९ मार्च

पाहुण्यांची गाडी आली. नवरा-बायको, तिनं हिरवा झगा घातलेला, कमरेला लाकडी तलवार. मर्डो त्यांच्याबरोबर फक्त पायथ्यापर्यंत गेला, वर चढायला बंदी. तरी पुराण पूर्ण सांगितलंच. सिंहासनावर दिव्यांचा उजेड कसा पडतो ते बघायला राजाच्या उंचीचा माणूस हवा होता, म्हणून मर्डोला बसवलं. तीन तास! गमबूट घालून. त्याला हलायची परवानगी नव्हती आणि नाकावर माशी. हे मी हजारदा ऐकलंय आणि आजही हसले.

मग शेवट, ठरलेला. टोपी काढून म्हणतो, ‘त्यांनी इथून काही नेलं नाही, काही ठेवलं नाही. प्रत्येक ठोंब आपल्या जागेवर आहे. हे माझ्या बायकोचं काम.’ तलवारवाल्या मुलीनं येऊन माझे हात हातात घेतले. तिच्या डोळ्यांत पाणी. मला भुईनं पोटात घ्यावं असं वाटलं.

किती सुंदर होतं ते सगळं, पण. सकाळी धुकं उतरायचं आणि वर ते छप्पर पेटल्यासारखं दिसायचं. दीडशे घोडे नदी ओलांडायचे. खोऱ्यातला निम्मा पुरुषवर्ग दाढ्या चिकटवून फिरत होता. आम्ही सगळे तरुण नव्हतो तेव्हाही, पण तसं वाटायचं.

२९ मार्च, गुड फ्रायडे

राविरी आला, धुरी दिलेला वाम मासा घेऊन. तीस वर्षं मर्डोबरोबर डोंगर चढला, आता गुडघे गेलेत, तोंड शाबूत आहे. घोडेस्वार झाला होता तो चित्रपटात. ऐन धावेत वाऱ्यानं त्याची दाढी उडून मागच्याच्या तोंडावर बसली, ती गोष्ट हातवारे करून सांगितली. मर्डोला म्हणाला, ‘राजा, तुझं सिंहासन गेलं, आता शहरात जाऊन आरामखुर्चीवर बस. माशी मी पाठवून देतो.’ मर्डो इतका हसला की मी गोळी शोधायला उठले.

त्या वर्षीच्या एप्रिलचा विषय मीच काढला, उगाच, जीभ दुखऱ्या दातावर जाते तशी. म्हटलं, कड्याला मेंढरं अडकली तेव्हा हाल झाले असतील तुमचे. राविरी म्हणाला, ‘कसली मेंढरं? आमचं वेळेआधी उरकलेलं. मर्डो तर दारं उघडायला एक दिवस पुढंच आला होता ना?’ मर्डो म्हणाला, वाम खारट झालाय.

राविरीला आता सालं आठवत नाहीत. मर्डो पुढं कुठला, सगळ्यांच्या मागून आला होता. भिजलेला, थरथरत. महिनाभर खोकत होता.

२ एप्रिल

ब्रायोनी राविरीच्या भावाबरोबर गाडीनं खिंडीतल्या खोपटाकडे निघाली आहे. पत्र्याचं एका खोलीचं खोपटं, वर गेलेले मेंढके रात्री तिथं टेकतात. शंभर वर्षं जो येईल तो पेन्सिलीनं भिंतीवर लिहितो — नाव, तारीख, हवा, किती मेंढरं. आमची कुरणं घेतलेले नवे मालक ते पाडणार, म्हणून संग्रहालय भिंतींचे फोटो काढतंय. अक्षरं कुणाची ते आम्ही सांगायचं. मी तिथं कधीच गेले नाही. बायका जात नसत. वर काय लिहितात, असं विचारलं की मर्डो म्हणायचा, हवा.

आज त्यानं ब्रायोनीला विचारलं, सगळ्याच भिंतींचे काढणार? चुलीमागची ओलीनं गेलीय, राहू दे. ती म्हणाली, एक इंचसुद्धा सोडणार नाही. मर्डो बराच वेळ कुत्र्याचे कान खाजवत बसला.

६ एप्रिल, शनिवार

उद्या पाथरवट येणार, जागा बघायला आणि मजकूर पक्का करायला. सोमवारी छिन्नी लागणार. म्हणजे आज.

जेवणानंतर म्हटलं, मर्डो, तो दगड नको. का गं? म्हटलं, माझं नाव नको. तो म्हणाला, मग कुणाचं, मेंढ्यांचं?

त्यानं सहज म्हटलं असेल. इथं सगळं मेंढ्यांवरच येतं. पुढचं वाक्य तोंडाशी होतं. पण तो खुर्चीत असा बसला होता, पाय पसरून, घोंगडी गुडघ्यांवर... तेवीस वर्षं या माणसानं ज्या एका गोष्टीवर टोपी काढली, ती मी आता, घराची बांधाबांध चालू असताना, त्याच्या हातून काढून घेऊ? आणि नाही घेतली तर माझ्या नावानं ती लबाडी दगडात राहणार. आम्ही दोघं गेल्यावरही. लोक तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढणार.

उद्या सकाळी सांगते. पाथरवट यायच्या आधी. ठरलं.

७ एप्रिल, रविवार

पाथरवट आठलाच हजर! गावातली माणसं इतकी लवकर कधीपासून उठायला लागली?

पायथ्याशी गेलो. मर्डो, मी, ब्रायोनी, तो. वारा नव्हता. ठोंब सगळे पिवळे, उन्हात. पाथरवटानं कागद काढला, मोठ्यानं वाचला. ‘उपटलेला प्रत्येक ठोंब आपल्या मूळ जागी परतला’ इथपर्यंत आला आणि मी म्हटलं, थांबा. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मर्डो सोडून. तो टेकडीकडे बघत होता.

तोच बोलला. ‘ते वाक्य काढा. त्या जागी लिहा, सहाशे बारा ठोंब उपटले, सहाशे बारा जगले.’

ब्रायोनी म्हणाली, पण तुम्ही इतकी वर्षं सगळ्यांना सांगता, जागेवर म्हणून...

‘माणसांना सांगतो. माणसं दुपारी परत जातात. दगड इथं राहणार आहे, त्याच्यावर खरं पाहिजे.’

पाथरवटानं पेन्सिल कानामागून काढली आणि लिहून घेतलं. एकही मेला नाही का खरंच, त्यानं मला विचारलं. म्हटलं, नाही. एकही नाही. हे मात्र खरं आहे. मी मोजलेत.

परतताना मर्डोनं माझा दंड धरला होता. चढ नव्हता.

१० एप्रिल

त्याला माहीत आहे. कसं? कधीपासून? ठोंबांचा झुकाव दिसला असेल. डोळा आहे त्याचा, मैलावरची लंगडी मेंढी ओळखतो. आज धीर करून विचारलं, मजकूर का बदललास. म्हणाला, आधीचा लांब होता. मोजले मी शब्द. तेवढेच आहेत जवळजवळ.

२० एप्रिल, शनिवार

ब्रायोनीकडून फोटोंचं पाकीट आलं. मर्डो शेडमध्ये कुत्र्यांची भांडी बांधतोय. मी एकटीनंच बघितले. राविरीचं अक्षर, राविरीच्या बापाचं, किती तरी मेलेल्यांची. शेवटचा फोटो चुलीमागच्या भिंतीचा. ओलीनं काही गेलेलं नाही. पेन्सिल स्वच्छ आहे. त्याचं अक्षर, तेच साल —

‘मर्डो. १६ एप्रिल. एकटा. गारठा, बर्फ. सरपण नाही. मेंढरं शून्य. दुर्बिणीतून दिसतंय, एल्सी वाडग्यात बसून बिल्ले बांधतेय. अजून बरेच उरलेत. तिचं होईपर्यंत उतरत नाही.’

आणि सुकलेल्या मटणावरून मी तीन दिवस बोलले नव्हते त्याच्याशी.