रबराखाली दोन सह्या

मंगळवार, २७ ऑगस्ट

सुपरग्लू! परत सुपरग्लू!

सकाळी माझ्या दुरुस्तीच्या दुकानात वेंडेल ट्रिप आला. सरोवराच्या काठाने ससाण्यांचे फोटो काढत हिंडतो तो. कॅमेऱ्याची ग्रिप, म्हणजे हातात धरायच्या जागेचं रबर, सुटत होती, म्हणून पठ्ठ्याने ती घरीच चिकटवून टाकली होती. वर कौतुकही हवं होतं. म्हटलं, अरे बाबा, ते रबर निघायलाच हवं, त्याच्याखाली स्क्रू आहेत, कॅमेरा उघडायचा तर तिथूनच. तर म्हणतो, मला कुठे उघडायचाय! मग आलास कशाला? तर शटर अडकतंय!

दोन तास नुसता गोंद खरवडत बसलो. लोकांनी अक्कल गहाण टाकलीय, आणि कॅमेरे बनवणाऱ्यांनी त्यांच्याही आधी. दोन-तीन हजार डॉलरची वस्तू, आणि हाताला लागणारं रबर असं, की घाम लागला की फुगतं, क्रीम लागलं की फुगतं, डासांचा फवारा लागला तर विचारूच नका. फुगलं की खोबणीत मावत नाही, कडेने उचलायला लागतं, मग जुन्या बुटाच्या तळव्यासारखं लोंबतं.

शटर सोडवलं. धातू स्पिरिटने पुसला, दोन्हीकडून चिकटणारी टेप कापून लावली, नवं रबर बसवलं. मग डोळे मिटून कडेवरून बोट फिरवलं. बोटाला कड लागली नाही म्हणजे काम झालं. रोझाल्बालाही हे मीच शिकवलं, एकोणीस वर्षांपूर्वी. फिल्मच्या कारखान्याने आम्हा दोघांना एकाच आठवड्यात घरी बसवलं, तेव्हापासून आमची टेबलं शेजारी शेजारी आहेत. ती माझ्याकडे बघत होती.

गुरुवार, २९ ऑगस्ट

भयंकर उकाडा. असल्या हवेत टेप नीट धरत नाही. काम चालूच.

गुरुवार, ५ सप्टेंबर

तळपायाची आग मस्तकात गेलीय. नीट लिहितो.

जूनमधला एक कॅमेरा आज परत आला. पडला होता, आतली पट्टी वाकलेली. म्हणजे ग्रिपचा दोष नव्हता. उघडायला म्हणून रबर काढलं. आमच्या धंद्यात प्रत्येक जण रबराखालच्या धातूवर पेन्सिलीने सही आणि तारीख टाकतो. उद्या दुसऱ्या कुणी उघडलं तर कळावं, आधी कुणाचा हात लागलाय. तिथे माझी सही होती: नॉ. फ्लू., ११ जून. आणि खाली, बारीक, नीटनेटकी: रो. चा., १२ जून.

रबर तेच, टेप नवी. मी लावलेलं रबर तिने दुसऱ्या दिवशी काढलं आणि परत लावलं!

कशासाठी? मी चारला निघतो, दुकान ती बंद करते. म्हणजे माझी पाठ वळली की हे उद्योग. विचारलं नाही. विचारलं असतं तर हातातला चिमटा फेकून मारला असता.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

आज सकाळी सातलाच दुकान उघडलं. फळीवर गिऱ्हाइकांची वाट बघत तयार असलेले चार कॅमेरे होते, चारही माझे. चारही ग्रिपा काढून बघितल्या. चारही ठिकाणी माझ्या सहीखाली तिची सही.

चारही परत लावल्या. माझ्या हाताने.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे रोझाल्बाबरोबर तळलेला मासा खायला गेलो. शुक्रवार चुकवला असता तर तिने कारण विचारलं असतं. ती आपल्या बहिणीच्या कुत्र्याची गोष्ट सांगत होती, शेजारच्या टेबलावरचे लोकही हसत होते. मी माशाचे काटे वेचत बसलो. इतकं गोड बोलते ही बाई, आणि सकाळ-संध्याकाळ माझ्या कामावर शिक्षिकेसारखी लाल पेन्सिल फिरवते!

सोमवार, ९ सप्टेंबर

झालं. संपलं.

दुकान उघडताच जूनमधला तो कॅमेरा रोझाल्बासमोर ठेवला, रबर काढलेला. ती घाबरेल असं वाटलं होतं. घाबरली नाही. चष्मा काढून ठेवला.

"कडा सुटल्या होत्या, नॉर्बर्ट."

"माझ्या? माझी कड आजवर कधी सुटली नाही."

"हात दाखव."

मी हात खिशात घातला. का घातला कोण जाणे. रागानेच असेल.

"माझ्या पाठीमागे हे चाळे करायला तुला कुणी सांगितलं?"

"मग काय गिऱ्हाइकांसमोर करायचे होते? तुला सांगायला दोनदा तोंड उघडलं मी. दोनदा तू टेपवाल्याच्या नावाने शंख केलास. तुझ्या बोटांना कळत नाहीये रे. डॉक्टरला दाखव."

माझ्या बोटांना! ज्या बोटांनी हिला चिमटा धरायला शिकवलं! मी म्हणालो, तुझी हत्यारं घे आणि चालती हो. हळू आवाजात म्हणालो. ओरडलो असतो तर बरं झालं असतं, ओरडलेलं ती मनावर घेत नाही.

तिने हत्यारं कापडात गुंडाळली. टेबल पुसलं. टेबलावरचा मोठा दिवा तिने स्वतःच्या पैशांनी आणलेला, तो मात्र सोडला. म्हणाली, "राहू दे. तुला उजेड लागेल."

हे जाताजाताचं बोलणं सगळ्यात जास्त झोंबलं. दिवा विझवून टाकला.

मंगळवार, १० सप्टेंबर

दुकानात शांतता. दुप्पट काम झालं.

मंगळवार, १७ सप्टेंबर

साठलेलं सगळं काम एकट्याने उरकलं. कुणाची नजर नाही, कुणाचा चष्मा नाही, कुत्र्याच्या गोष्टी नाहीत. दुपारचं सँडविचही टेबलावरच खाल्लं. हे आधीच करायला हवं होतं.

मंगळवार, २४ सप्टेंबर

वेंडेल ट्रिप परत आला. ग्रिपचा खालचा कोपरा लोंबत होता. २७ ऑगस्टला मी लावलेली तीच ग्रिप. रोझाल्बाने हिला परत हात लावला नसणार, कारण तो त्याच दुपारी घेऊन गेला होता.

म्हटलं, डासांचा फवारा मारलास ना हाताला? म्हणाला, "नॉर्बर्ट, सप्टेंबर संपत आला. सरोवरावर असला वारा सुटलाय की ससाणे उलटे उडतायत. डास कुठून आणू?" मग दुकानभर बघितलं आणि विचारलं, रोझाल्बा कुठाय?

रजेवर आहे म्हणालो. खोटं बोललो, आणि त्याचाही राग आला.

मंगळवार, १ ऑक्टोबर

आणखी पाच परत आले. त्यात फळीवरचे ते चारही.

टेपवाल्याला फोन करून असा झाडला की पलीकडची मुलगी रडवेली झाली. म्हणाली, याच गठ्ठ्यातली टेप इतरही दुकानांत जाते, कुणाचीच तक्रार नाही. मी म्हणालो, इतरांना काम कळत नसेल.

घरी येताना डोक्यात आलं, जाण्याआधी रोझाल्बानेच टेप बदलून ठेवली असेल. मला तोंडघशी पाडायला. लिहून ठेवतो, कारण हेही माझ्याच डोक्यात आलं.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

दुपारी एक ग्रिप सोडवत होतो. रबर मऊ करायला केस वाळवायचं यंत्र लावलेलं. कसला तरी वास आला. वाटलं, रबर जळतंय. बघतो तर रबराला काही झालं नव्हतं. माझ्या उजव्या हाताचं पहिलं बोट यंत्राच्या तोंडाला टेकलेलं होतं. वाटाण्याएवढा फोड.

दुखलं नाही. आत्ताही दुखत नाही.

मग तिचा दिवा लावला. कालच मी बसवलेली एक ग्रिप त्याच्याखाली धरली. वरच्या बाजूला कड उचललेली होती, चांगली नखभर, आंधळ्यालाही कळावी इतकी. डोळे मिटले. दुसरं बोट फिरवलं, तिसरं फिरवलं, डाव्या हाताची फिरवली. सगळीकडे गुळगुळीत. डोळे उघडले, तर कड तिथेच.

मार्चमध्ये डॉक्टरने विचारलं होतं, साखर वाढलीय, बोटांना मुंग्या येतात का, बधिर वाटतं का? मी म्हणालो, छे! हाताचं काम करणारा माणूस आहे मी. डॉक्टर बापडा मान डोलावून पुढे गेला. मी तावातावाने बोललो की लोक पुढे जातात. रोझाल्बाही दोनदा पुढे गेली.

एवढा राग आला, पण फेकायला जवळ काहीच नव्हतं. सगळे कॅमेरे लोकांचे होते.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

परत आलेल्या सगळ्या ग्रिपा काढल्या. प्रत्येकीखाली माझी एकट्याची सही. जिच्यावर दुसरी सही होती अशी एकही परत आलेली नाही. फळीवरच्या त्या चार सोडून. त्या मीच उपटून परत लावल्या होत्या.

डॉक्टरची वेळ घेतली. फोन तीनदा हातात घेऊन ठेवला. डॉक्टरचा नाही, दुसराच.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

लावला फोन. माफी मागायचं वाक्य कागदावर लिहून समोर ठेवलं होतं.

रोझाल्बा हॅलोसुद्धा म्हणाली नाही. म्हणाली, "किती परत आले?"

अकरा, म्हणालो.

"दोन वर्षांत मी एकही परत येऊ दिला नव्हता."

मी धरून चाललो होतो, हे जूनपासूनच चाललंय.