एकाच गेटच्या बावीस चाव्या

प्रिय भाऊ,

हे पत्र तुझ्याआधी जेलचा शिपाई उघडून वाचेल. वाचू दे, मला आता कुणापासून काही लपवायचं नाही. धुळ्याला भेटीला आले की जाळीपलीकडून तू ओरडून बोलतोस, मी नुसती मान हलवते आणि वेळ संपते. तीन भेटींत जे तोंडातून निघालं नाही ते लिहिते आहे. तू संतापशील. पण फाडायच्या आधी एकदा शेवटपर्यंत वाच.

घरचं आधी सांगते. आईचा गुडघा तसाच आहे, औषध घेते आणि कुरकुरतेही. मयुरीवहिनी सोनगीरहून परत आली. तिच्या भावांनी थांब म्हटलं, पण म्हणाली, माझं घर तिकडे आहे. गहू चांगला उतरला. आबा मात्र बांधावर जात नाहीत. कालव्याच्या चारीच्या गेटजवळून जायला नको म्हणून धरणगावला जायचं तरी लांबच्या रस्त्याने जातात.

तुला कुंदन आठवतो का? मी सातवीत होते. माझी गणिताची वही फाटलेली बघून तू विचारलंस, कुणी फाडली? मी काही बोलले नाही, फक्त कुंदनकडे बघितलं. तू सायकलची चेन काढलीस आणि त्याचे पुढचे दोन दात पाडलेस. त्याचं रक्त माझ्या पांढऱ्या मोज्यांवर उडालं होतं. भाऊ, ती वही मीच फाडली होती. मार्क कमी पडले म्हणून. तू पुन्हा एकदा विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं, पण तुला विचारायची सवय नाही. आणि मला गप्प बसायची सवय, तीही तेव्हापासूनचीच.

आता त्या ॲपचं. गावभर मिरवलंस तू, पाणी संस्थेचं ॲप माझ्या बहिणीने केलं म्हणून. ते कसं चालतं हे तू कधी विचारलं नाहीस, आज ऐक. पाण्याची पाळी कुणाची कधी, हे लिहिलेलं असतं संस्थेच्या सर्व्हरवर, एकाच जागी. मोबाईलवर दिसते ती त्याची नक्कल. तू 'पाळी बदल' दाबलंस की विनंती सर्व्हरकडे जाते, तिथून समोरच्याकडे. तो हो म्हणाला तरच तिथली ओळ बदलते. तोवर स्क्रीनने थांबायचं असतं. मी तसंच केलं होतं, मधे एक गोल फिरत राहायचा. पण उद्घाटनाच्या आदल्या दिवशी चेअरमन जीवराम नानांनी दाबून बघितलं आणि वैतागले. "हाई काय भवरानामायक फिरी ऱ्हायनं? दाबं का लगेच दिसाले पाह्यजे!" मी म्हटलं, त्यात काय, लगेच दिसेल. दाबल्या दाबल्या नवं नाव दाखवायचं आणि सर्व्हरचं उत्तर मागाहून येऊ द्यायचं. सगळीकडे करतात असं. फक्त उत्तर 'नाही' आलं तर नाव परत जुनं करावं लागतं. तेवढाच तुकडा राहिला. तिथे मी एक शब्द लिहून ठेवला होता, 'नंतर'. दुसऱ्या दिवशी नारळ फुटला, पेढे वाटले, आणि ते नंतर कधी आलंच नाही.

आणखी एक गोष्ट नानांनीच केली. आधी गेटची लोखंडी चावी गावात एकच होती. ज्याची पाळी त्याच्या घरी ती. पाळी बदलायची तर त्याच्या ओट्यावर जाऊन, चहा पिऊन, हातातून हातात घ्यावी लागायची. तो नाही म्हणाला की रिकाम्या हाताने परत. ॲप आल्यावर नाना म्हणाले, आता पाळी मोबाईलवर कळते, चावीसाठी कशाला पायपीट? लोहाराकडून बावीस चाव्या करून घेतल्या, घरटी एक. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा. एका चावीने इतकी वर्षं काय सांभाळलं होतं ते कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

तुझी पाळी बुधवारी होती आणि बुधवारी सोनगीरला लग्न. शनिवारी दुपारी तू शेजारच्या शेताच्या सुकदेवभाऊंचा रविवार मागितलास. दाबलंस आणि लगेच तुझं नाव दिसलं, रविवार, नवल. तू मला फोन करून म्हणालास, वा गं पोरी, एका बोटात काम झालं! मी किती खूश झाले होते.

रविवारी मी घरी आले होते, सकाळी तुझ्या चहाची किटली घेऊन शेतावर येत होते. बाभळीच्या फांद्या तोडायला नेलेली कुऱ्हाड तुझ्या हातात होती, गेट उघडं होतं आणि पाणी सुकदेवभाऊंच्या हरभऱ्यात चाललं होतं. तू लांबूनच शिव्या देत धावलास. त्यांनी उलट शिवी दिली नाही. उजव्या हातात मोबाईल धरून तो तुझ्यापुढे केला. मला स्वच्छ ऐकू आलं. "थांब रे नवल, मना मोबाईल तं देखी ले!" तू म्हणालास, "चोर शेस तू!" आणि वार केलास. त्याच हातावर. आवाज लाकडासारखा आला, म्हणून क्षणभर वाटलं फांदीच तुटली. मग ते खाली बसले आणि स्वतःच्या मनगटाकडे बघत राहिले, जिथे पुढे काही नव्हतं. पंजा चारीत पडला होता, बोटं अजून हलत होती. तू दुसऱ्यांदा कुऱ्हाड उचललीस तेव्हा मी किटली तुझ्या तोंडावर फेकली. तो चट्टा अजून तुझ्या गालावर आहे. त्याबद्दल मी कधी माफी मागणार नाही.

ओढणीने मी त्यांचा दंड आवळला. मग पाण्यातून मोबाईल काढला. तो तेव्हाही चालू होता. मी वाचलं, भाऊ. रविवार, सुकदेव. तुझा मोबाईल बांधावर पडलेला, त्यावर रविवार, नवल. मी पान नव्याने उघडलं आणि माझ्या डोळ्यांसमोर तुझं नाव जाऊन त्यांचं आलं. त्यांनी शनिवारीच 'नाही' म्हणून कळवलं होतं. ते उत्तर तुझ्या मोबाईलपर्यंत आलं होतं, मी लिहिलेल्या त्या स्क्रीनने ते तुला दाखवलं नाही. पाच महिने हे फक्त मला माहीत आहे. त्यांचा मोबाईल पाण्याने बंद पडला तेव्हा मला बरं वाटलं होतं, इतकी मी खाली गेले.

पण हे वाचून सगळं माझ्या माथी मारून मोकळा होऊ नकोस. स्क्रीन खोटं बोलली ती माझ्यामुळे. कुऱ्हाड मी दिली नव्हती. माणूस थांब म्हणत होता, पुरावा हातात धरून उभा होता, आणि तुला एवढासा दम नव्हता. थांबायचं आपल्या घरात कुणाला शिकवलेलंच नाही. तू हाताने केलंस ते मी बोटांनी केलं. आरशात बघितलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते आणि खोटं कशाला सांगू, दोनदा मारूनही घेतली.

सारं गाव सुकदेवभाऊंना पाणीचोर म्हणतं. तुझ्या वकिलाने तेच धरलंय, चोराला अडवताना झटापटीत लागलं. परवा गावी आले तेव्हा त्यांच्या मंदाबाई पाणवठ्यावर भेटल्या. भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "हात गया ते गया, पन मना मानूसले चोर काबरं म्हनतस?"

आणि मागच्या आठवड्यात आबा जळगावला माझ्या खोलीवर आले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. "बठ्ठं तुना हातमा शे ना माय? मंग एक ओळ बदली टाक." वकिलानेच सुचवलं होतं. सर्व्हरवरची ती 'नाही' मी 'हो' केली तर तुझी वर्षं कमी होतील आणि कुणाला कधी कळणार नाही. मी ती ओळ उघडली. कर्सर त्या शब्दावर नेला. तुझ्यासाठी, भाऊ, मी तो शब्द पुसलाही होता. मग समोर तो मोबाईल धरलेला हात आला. दुसऱ्यांदा तोडायचा का तो? मी 'सेव्ह' न करता खिडकी बंद केली.

काल ती सगळी नोंद, शनिवारच्या वेळेसकट, माझ्या जबानीसोबत पोलिसांकडे दिली. माझी चूक माझ्या सहीने लिहिली. तिथून थेट मंदाबाईंच्या ओट्यावर गेले आणि त्यांना आणि सुकदेवभाऊंना सांगितलं. त्यांनी मला आत बोलावलं नाही. सोमवारी मी कोर्टात हेच बोलणार आहे. तुला ते वकिलाच्या तोंडून कळू नये म्हणून हे पत्र. आबा माझ्याशी बोलत नाहीत. तू बोलशील की नाही, माहीत नाही. पूर्वीची मी असते तर तू माफ केलंस असं धरून पुढे गेले असते. आता उत्तर येईपर्यंत काही धरणार नाही आणि 'नाही' आलं तर 'नाही'च वाचेन. खाली 'तुझीच' लिहिलंय, ते माझ्याकडून खरं आहे. तुझ्याकडून काय, ते तू कळव.

तुझीच,
सारिका