लेबलखालचे दोनशे बारा फोटो

प्रिय ठमे,

फोन हाताशी असताना दादाला पत्र लिहायची हौस कुठून आली, असं तू म्हणशील. दोनदा तुझा नंबर लावला आणि घंटा वाजायच्या आत ठेवून दिला. शेवटी कागद ओढला.

आज सकाळी आईची सीडी काढली. स्टुडिओत नवा कॉम्प्युटर आलाय, त्याला सीडी घालायची सोयच नाही. म्हणून जुना मोडीत काढण्याआधी सगळं उतरवून घ्यायला बसलो होतो. सीडीवरच्या कागदी लेबलचा कोपरा सुटला होता. आत अडकेल म्हणून हलकेच ओढला, तर लेबलबरोबर सगळा सोनेरी थरच निघून आला. हातात राहिली नुसती आरपार चकती. ठमे, तिच्यातून मला समोरचं कॅलेंडर वाचता येत होतं. मी ती तशीच डोळ्यांसमोर धरून बसलो. पासपोर्टच्या फोटोसाठी एक बाई आल्या होत्या, त्या थोडा वेळ उभ्या राहून निघून गेल्या म्हणे. मला पत्ताच नाही. मग दुसरी प्रत घातली. ती मशीनने घरघर करून बाहेर टाकली.

या सीडी घेतानाचं आपलं भांडण तुला आठवत असेलच. आईला जाऊन पंधरा दिवस झाले होते, आणि तिच्या शेवटच्या आठवड्याचे दोनशे बारा फोटो तुझ्या कॅमेऱ्यात होते. कोऱ्या सीडी निवडताना मी दुकानदाराचं डोकं खाल्लं. एकेक उजेडात धरून पाहिली, आणि शेवटी डबीवर 'शंभर वर्षं टिकेल' असं छापलेल्या दोन सोनेरी घेतल्या. तू मात्र तुझ्या प्रतीसाठी गठ्ठ्यातली एक सुटी उचललीस. "असली सीडी कबुतरं हाकायला बरी," असं मी तुला चारचौघांत बोललो. "अति शहाणा त्याचा बैल रिकामा," तू म्हणालीस, आणि दुकानदारही हसला.

पुढे माझी टापटीप सुरू झाली. सीडी कडेनेच धरायची, खालच्या चकचकीत बाजूला बोट लागू द्यायचं नाही, वर डिंकाचं लेबल, त्यावर सुवाच्य अक्षरात आईचं नाव. तू तुझ्या सीडीवर पेनची रेघसुद्धा ओढली नाहीस, म्हणून तुला आळशी म्हणालो. वर तुझ्या कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड पुसून दुसऱ्या दिवशीच्या लग्नाच्या ऑर्डरला नेलं.

दुपारी कॉम्प्युटरवाल्याला दोन्ही दाखवल्या. तो म्हणाला, खालची बाजू म्हणजे नुसतं जाड प्लास्टिक. फोटो असतात वरच्या बाजूला, लेबलच्या अगदी खाली, आणि ते डिंकाने खाल्ले. "लेबल लावलं नसतं तर टिकली असती," तो सहज बोलून गेला. अकरा वर्षं मी चुकीची बाजू जपली गं. जिथे जपायचं, तिथेच डिंक फासला.

आता खरं कारण लिहितो. गेल्या वर्षी तुझ्या बाल्कनीत दोरीला एक सीडी गरगरत होती. "बघ, तुझंच ऐकलं," तू म्हणालीस आणि मी हसून टाळी दिली. ती तीच का, हे तेव्हा विचारायचं सुचलं नाही आणि आज फोनवर विचारायची छाती होत नाही. असली तरी तुला दोष नाही, चांगल्या प्रती माझ्याकडे आहेत याच भरवशावर तू होतीस. आणि आणखी एक. आईचा कुठला फोटो आवडला, असं तू विचारलंस की मी दरवेळी 'खिडकीतला' म्हणायचो. ठमे, त्यात खिडकीतला फोटो आहे का, मला माहीत नाही. मी एकही पाहिलेला नाही. त्या आठवड्यात मी परक्यांच्या लग्नाचे फोटो काढत होतो आणि पोचलो तेव्हा उशीर झाला होता. प्रती काढतानाही पडद्याकडे पाठ करून बसलो होतो. धीर आला की पाहू म्हटलं, आणि तो आज सकाळी आला होता. ती सीडी तीच असेल तर दोरीची गाठ हलक्या हाताने सोड, तिला फडकंही लावू नकोस. मी शनिवारी येतोय. उन्हात लटकलेली सीडी उघडत नाही, एवढं मलाही कळतं. नाहीच उघडली, तर माझ्याशेजारी बस आणि आई कशी दिसत होती ते एकेक फोटो करून सांग. आठवतील तेवढे.

तुझाच, 
रिकाम्या बैलाचा धनी, दादा