दुसऱ्या अंकाचा सदरा

अहो आई,

उत्तर येणार नाही हे माहीत असून लिहायला बसलेय, कारण उद्या संध्याकाळी नाटक आहे. आपल्या लखनौच्या मराठी मंडळाचं, गणपतीतलं. बाबा त्यात वडिलांचं काम करताहेत आणि सगळ्यांचे कपडे मी केलेत. हो, मीच! "मेधाला कपड्यांतलं ओ की ठो कळत नाही, ती शाळेत गणितं शिकवते तेच बरं," असं चारचौघांत म्हणायचात ना? आता बघा, तुमचं काम कुणाच्या गळ्यात पडलं!

बाबा शेजारच्या खोलीत पडलेत. झोपलेत की नुसते डोळे मिटलेत, कोण जाणे.

आधी नाटक सांगते, नाहीतर तुम्ही मधेच "अगं पण गोष्ट काय आहे?" म्हणाल. साताऱ्यातलं घर. रिटायर्ड हेडमास्तर, त्यांची बायको, आणि भांडून घर सोडून गेलेला मुलगा. दोन अंकांच्या मधल्या काळात बायको वारते. मुलाला कुणी कळवलेलं नसतं. दुसऱ्या अंकात तो अचानक दारात येऊन उभा राहतो आणि विचारतो, "आई कुठाय?" त्यावर बाबांनी म्हणायचं, "तुझी आई आता नाही." एवढंच.

तालमीत बाबा तिथे येऊन थांबतात. दर वेळी! विसरत नाहीत हो, अख्खं नाटक पाठ आहे त्यांना. ओठ हलतात, आवाज येत नाही. मग नाटक बसवणारे कुलकर्णीकाका विंगेतून वाक्य देतात, बाबा नुसती मान हलवतात आणि पुढचं बोलायला लागतात. ते वाक्य त्यांनी अजून एकदाही उच्चारलेलं नाही.

उद्या हॉल भरलेला असेल. तिथे थांबले तर? मटकन खाली बसले तर? डॉक्टरांनी बीपी जपायला सांगितलंय. मंदार तर रोज माझ्यावर चिडतो. "बाबांना काढा नाटकातून. काय अडलंय तुमचं?" अरे, मी काय ओढून नेलंय त्यांना? काम त्यांनीच मागून घेतलं. तुमच्या मुलाला हे बापाला विचारायची हिंमत नाही, म्हणून सगळा राग बायकोवर.

कपड्यांचं सांगते. पहिली माती मी अमीनाबादच्या बाजारात खाल्ली. हेडमास्तरांसाठी पांढरा चिकनकारीचा कुर्ता घेऊन आले! लखनौत राहून राहून आपल्या मंडळाची ती खोडच झालीये. सून असो, सासरा असो, सावकार असो, सगळ्यांच्या अंगावर चिकनकारी. पिशवी टेबलावर ठेवली आणि तुमचा आवाज कानात वाजला. "साताऱ्याचा हेडमास्तर नवाबासारखा नटून कांदेपोहे खाईल का गं?" निमूट परत गेले, बदलून साधं पांढरं कापड आणलं आणि विकास नगरच्या मास्टरजींकडून एकसारखे दोन सदरे शिवून घेतले.

मग मी डोकं चालवलं. पहिल्या अंकात सदरा कडक, कारण बायको आहे. दुसऱ्या अंकासाठी दुसरा सदरा चुरगाळून टाकला, वरचं बटण तोडलं, बाहीवर चहाचा डाग पाडला. बायको गेल्यावर माणसाची कशी दैना होते, ते लोकांना एका नजरेत कळावं! मी स्वतःवर एवढी खूश होते म्हणून सांगू! आणि तुमचा नियम होताच की, कपडा आठवडाभर घरात वापरल्याशिवाय स्टेजवर न्यायचा नाही. त्यातच बसायचं, त्यातच जेवायचं, म्हणजे तो अंगाचा होतो. तसा बाबांना तो सदरा घरात घालायला दिला.

आई, करायला गेले गणपती आणि झाला मारुती! बाबा त्या सदऱ्यात फाटकाशी उभे होते, तर सब्जीवाला भैया मला म्हणतो, "भाभीजी, बाबूजी की तबीयत ठीक है ना?" मी हसले. पण त्याच दुपारी बाबा स्वयंपाकघराच्या दारात आले आणि म्हणाले, "चहा झाला का गं?" हे पहिल्या अंकातलं वाक्य आहे, बायकोला म्हणायचं. माझ्याकडे बघत नव्हते ते. गॅसकडे बघत होते, जिथे तुम्ही उभ्या राहायचात. ईरा पाणी प्यायला आली होती, ती माझा हात घट्ट धरून म्हणाली, "मम्मी, आजोबा ॲक्टिंग कर रहे हैं ना?" मी "हाँ" म्हटलं खरं. पण तुम्हाला खरं सांगते, मला माहीत नव्हतं.

परवा सकाळी बघते तर सदरा धुतलेला, इस्त्री केलेला, आणि वर बटण! निळ्या दोऱ्याने लावलेलं, दोऱ्याचं शेपूट लोंबतंय. ज्या माणसाने जन्मात सुई हातात धरली नाही त्याने! तुम्ही तरी त्यांना कधी हात लावू दिलात? त्यांचं सगळं तुम्हीच करत राहिलात आणि एक दिवस निघून गेलात. असं करतात का?

मी चिडलेच. "बाबा, हे काय करून ठेवलंत? दुसऱ्या अंकाचा आहे तो सदरा!"

"म्हणूनच," बाबा म्हणाले. "मेधा, हा हेडमास्तर गबाळा राहणार नाही गं. आता तर जास्तच नीट राहील. गळ्यापर्यंत बटणं लावील. एक बटण जरी तुटलेलं दिसलं ना, तर लोक विचारायला येतात. मग त्यांना सांगावं लागतं."

गेल्या वर्षभरात बाबांच्या कपड्यांना एक सुरकुती दिसली नाही. रोज दाढी, बुटांना पॉलिश, घरातल्या घरात शर्टाची सगळी बटणं बंद. आणि आम्ही काय म्हणत होतो? "बाबा किती छान सावरले!" मी तर मंडळातल्या बायकांना कौतुकाने सांगत होते. घरात बसलेल्या माणसाचा कपडा मला वाचता आला नाही आणि निघाले नाटकाचे कपडे करायला.

सदरा आहे तसाच ठेवलाय, निळ्या दोऱ्यासकट. कुलकर्णीकाका कुरकुरले, "अहो वहिनी, बायको गेल्याचं लोकांना कळणार कसं?" मी म्हटलं, कळेल.

आज जेवताना बाबा खाली मान घालून म्हणाले, "उद्या त्या वाक्याला मी थांबलो, तर कुलकर्ण्यांना सांग, वाक्य देऊ नका. कितीही वेळ लागला तरी." मंदार ताटावरून उठून गेला. मी "बरं" म्हणाले.

तेव्हापासून विचार करतेय. मला वाटत होतं, बाबा थांबतील म्हणून मी घाबरलेय. तसं नाहीये हो. ते बोलतील म्हणून घाबरलेय. या घरात ते वाक्य अजून कुणीच म्हटलेलं नाही. आम्ही "हॉस्पिटलनंतर" म्हणतो, "आईंच्या वेळी" म्हणतो, विषय बदलतो. उद्या बाबा ते सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले, तर मग तुम्ही खरंच नाही. मग मी काय करू? मला फार भीती वाटतेय, आई.

तरी वचन देते. विंगेत काकांच्या शेजारी मी स्वतः उभी राहीन आणि त्यांना वाक्य देऊ देणार नाही. लोक खाकरले, खुर्च्या वाजल्या, तरी पडदा पाडू देणार नाही. मंदारचा हात धरून ठेवीन, त्याला उठून जाऊ देणार नाही. आणि बाबा बोलले, की आम्ही दोघं तिथे उभे राहून ते ऐकू.

तुमची सून,
मेधा