गप्प बसल्याची शिक्षा

चि. दीनानाथ यास,

करंजाड्याहून शशीताईचा आशीर्वाद. शशीताई म्हणजे तुझी थोरली बहीण. घाई नाही, सावकाश आठव. चष्मा शोधत असशील तर तो कपाळावर आहे. फोनवर तू सगळ्याला हो म्हणतोस आणि ठेवला की विसरतोस, म्हणून कागद पाठवतेय. खिशात राहिला तर निदान धोबी तरी वाचेल. गुडघा कसा आहे? दमयंती (ही तुझी बायको) बरी आहे ना? अक्षर समोरच्या ब्लॉकमधल्या सायराचं आहे. तिचा नवरा कतारला असतो आणि ती माझ्याकडे. मला वाचता येत नाही म्हणून ती मध्ये आपलं काही घुसडेल, या भीतीनं दर ओळ वाचून घेतेय.

तर सत्यजीत (हा माझा मुलगा, तुझा भाचा) मला रविवारी पुण्याला न्यायचं म्हणतोय. कायमचं. इथला ब्लॉक भाड्यानं द्यायचा. कारण ऐकशील तर हसशील: मी गप्प बसले.

झालं असं, की गेल्या गुरुवारी दुपारी सायरानं टीव्हीवर एक सिनेमा लावला. घाटातलं हॉटेल, दरड कोसळून रस्ता बंद, आत एकमेकांना न ओळखणारी आठ माणसं आणि त्यातलेच दोघे खुनी. कोणते दोघे, ते कळत नाही. खुनी फारसे बोलत नाहीत, नुसतं ओठांवर बोट ठेवतात, आणि जो बडबड करतो तो पुढच्या सीनला दिसत नाही. (माझं तिकीट सुरुवातीच्या नावांच्या पाट्या संपायच्या आत फाटलं असतं, असं सायराचं मत. लिही, लिही.) त्यांच्याजवळ एक गाठोडं असतं. त्यात काय निघालं ते सायरा लिहायला तयार नाही. अर्ध्यात दूध आणायची आठवण झाली, म्हणून आम्ही दोघी खाली गेलो.

परत येताना दिवेलागण झाली होती. लिफ्टमध्ये आमच्या मागून दोघे शिरले. एक म्हातारा, एक पोरसवदा. पाय अनवाणी, पोटऱ्यांपर्यंत चिखल. आता मला सांग, या दिवसांत करंजाड्यात चिखल कुठला? म्हाताऱ्यानं छातीशी घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी धरलेलं, तान्ह्या मुलाएवढं. पोरानं सातवं बटण दाबलं. आम्ही सहाव्यावर राहतो. मी आपली सवयीनं विचारलं, कुठले तुम्ही, गाव कोणतं? पोरानं उत्तर दिलं नाही, नुसतं वर पाहिलं. वरून विमान चाललं होतं, त्याचा आवाज लिफ्टमध्ये उतरला आणि लाइट गेले.

लिफ्ट मध्येच अडकली. सायरा चांगल्या घरची, म्हणाली, "भाऊ, ओझं खाली ठेवा ना." दोघे एकदम भिंतीला चिकटले. तिनं फोनची बॅटरी लावली, तर म्हाताऱ्याचं बोट ओठांवर. सिनेमातल्यासारखं, अगदी तसंच. सायरानं माझा दंड असा धरला की वळ अजून आहे. (ती म्हणते, मला आधार द्यायला धरला. असू दे.) आम्ही होतो चौघं, पण श्वास मला पाच जणांचे ऐकू येत होते. घोंगडीच्या काठाला लाल लागलेलं दिसलं.

मग वास आला. रक्ताचा नाही. शेंदूर आणि तेलाचा.

दीनू, आपल्या लहानपणी देऊळ दुरुस्तीला काढलं तेव्हा गुरवानं देव कसा हलवला होता, आठवतं का? (नसेल आठवत.) अनवाणी, मुक्यानं, वाटेत कुठे टेकवायचा नाही. एक शब्द तोंडातून गेला तर मूळ जागी परत जाऊन पुन्हा निघायचं. मला विमानाकडे पाहणारा तो पोरगा कळला. त्यांचं गाव इथल्या नव्या विमानतळात गेलं. शब्द गेला तर परत जायचं कुठे? तिथे आता धावपट्टी आहे.

मी सायराचं तोंड दाबलं आणि स्वतःचंही मिटलं. नेमका त्याच वेळी सत्यजीत पुण्याहून आलेला. घराला कुलूप दिसलं म्हणून बाहेरून लिफ्टचं दार बडवतोय: "आई, आत कोण आहे? नुसतं हो म्हण गं." पोटचा पोर रडकुंडीला आला आणि मी मुकी. कारण मी हो म्हटलं की तो दहा प्रश्न विचारणार, त्या दोघांनाही विचारणार, आणि घाबरलेला माणूस बोलून जातो. म्हाताऱ्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं.

लाइट आले, सहाव्यावर दार उघडलं, आम्ही दोघी बाहेर, लिफ्ट वर. मी सगळं सांगितलं. सत्यजीत म्हणतो, तुमच्या मागे लिफ्टमध्ये कुणीच नव्हतं. (घाम पुसायला त्यानं चष्मा काढला होता, म्हणून मी ते धरत नाही.) आणि म्हणतो, तू जिवंत असून गप्प राहिलीस म्हणजे डोक्यात काहीतरी झालंय. डॉक्टरलाही हेच सांगितलं. डॉक्टरनं मान डोलावली. मला दोन वर्षं ओळखतो तो.

सगळ्यांना आशीर्वाद.
तुझी शशीताई

ता. क. रविवारच्या आधी सत्यजीतला फोन कर आणि आई करंजाड्यातच राहील, एवढं मामा म्हणून सांग. तू त्याला विहिरीत ढकलून पोहायला शिकवलंस, तेव्हापासून तो जगात तुलाच भितो. हे विसरलास तर मी पुण्याला गेले असं समज.

ता. क. पुण्याला जायला माझी तशी ना नव्हती. पण वॉचमन म्हणतो, सातवा मजला विकलाच गेलेला नाही, बिल्डरचं कुलूप आहे. लिफ्टच्या सातव्या बटणावर शेंदराचं बोट मात्र आहे, आणि पुसलं तरी दुसऱ्या दिवशी असतंच. मी रोज संध्याकाळी त्या कुलपापुढे वाटीभर पोहे ठेवून येते. सकाळी वाटी धुतलेली असते, आणि आपल्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत तसे तिच्यात भाताच्या लोंबीचे चिमूटभर दाणे असतात. ओले, आत्ताच शेतातून आल्यासारखे. मी गेले तर वाटी कोण ठेवणार? सायरा दिवसा जायला तयार आहे, पण दिवसा वाटी तशीच राहते.

तेव्हा पेणचे पोहे पाठव, जाडे. सुकटही पाठव, साफ केलेली. वरच्याला काय चालतं ते अजून मला कुणी बोललेलं नाही.