नापास टॅबचे काय करावे

मी, रुपराव मारोतराव भोयर, वय ७१, धंदा जुनी इलेक्ट्रॉनिक वस्तू दुरुस्त करून पुन्हा विकणे, राहणार सक्करदरा, नागपूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवत आहे. डोके जागेवर आहे. बिघाड हृदयात आहे, आणि येत्या सोमवारी बायपास आहे. डॉक्टर म्हणाले, काळजी करू नका. वस्तू खोलण्याआधी मीही गिऱ्हाइकाला हेच सांगत आलो, म्हणून लिहून ठेवलेले बरे.

१. राहते घर माझ्या स्वकष्टाचे आहे. ते पत्नी शोभा हिच्या हयातीपर्यंत तिचे, आणि तिच्यानंतर मुलगा दुर्गेश याचे. तोवर दुर्गेशने "प्रताप नगरला फ्लॅट पाहू" हा विषय जेवताना काढू नये. त्याच्या आईचा घास अडतो.

२. बँकेतल्या ठेवी शोभाच्या. कशावर खर्च केल्या, हे तिला कोणी विचारायचे नाही.

३. दुकान, सोल्डरिंगचे सामान, मायक्रोस्कोप आणि पेचकसांचा डबा सून खुशी हिला देतो. दुर्गेशने तोंड पाडू नये. तो हिंगण्याला कंपनीत आहे, तिथे यंत्र बंद पडले की मेन्टेनन्सवाल्याला हाक मारतो. घरीही तसेच करतो. खुशी लग्न होऊन आली तेव्हा तिचा नवाकोरा फोन हातातून पडून फुटला. मी म्हटले, आण इकडे. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही फक्त पाहा जी, मी खोलते." फोन चालू झाला, पण स्क्रू उरले. पोरगी रडली नाही, पुन्हा खोलून बसली. मी त्याच दिवशी मनात तिच्या नावावर दुकान केले होते, आज कागदावर करतो.

मात्र दुकानाचा नियम तिने मोडू नये. दुरुस्त झालेली वस्तू आधी आपल्या घरी नांदते आणि मग गिऱ्हाइकाच्या घरी जाते. रेडिओच्या काळापासून हेच चालले. टीव्ही आले, मोबाईल आले, लॅपटॉप आले, सगळे आधी शोभाच्या स्वयंपाकघरात राहिले. ती वापरते आणि पास की नापास ते सांगते. तिने नापास केले की मी पुन्हा खोलतो. तरीही जमले नाही तर कामाचे भाग काढून घ्यायचे आणि उरलेले ई-कचऱ्याच्या गाडीत द्यायचे. गिऱ्हाईक माझ्या पावतीला विचारत नाही. "काकूनं पास केलं का?" एवढेच विचारते. तिच्या तोंडून कधी खोटा शब्द निघाला नाही म्हणून हे दुकान चालले. एक अपवाद आहे, तो पुढे येईल.

४. माझे साडू शालिकराम, राहणार अमरावती, यांनी दुर्गेशच्या लग्नात भर पंगतीत मला "भंगारवाले" म्हटले. पुढे त्यांचा महागाचा टीव्ही वॉरंटी संपताच बंद पडला आणि तो मीच एका जुन्या टीव्हीचा बोर्ड टाकून चालू करून दिला. त्यांचा जळालेला बोर्ड मी जपून ठेवला आहे. तो त्यांना फ्रेम करून द्यावा. त्यांच्यावर राग नाही. पण द्यावा.

५. आता मुख्य गोष्ट. हे मृत्युपत्र खरे तर या कलमासाठी लिहायला घेतले.

स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर एक काळा टॅब आहे. एका शिकवणीवाल्यांनी तो मोडीत दिला होता. मी काच बदलली, दुरुस्त केला आणि नियमाप्रमाणे शोभाकडे दिला. काही दिवसांनी गिऱ्हाईक आले. शोभा म्हणाली, "नाई गा भाऊ, याची बॅटरी उतरते." मी खोलला. बॅटरी ठणठणीत होती. दुसरे गिऱ्हाईक आले, तिचे तेच. मी पुन्हा खोलला, आत फुंकर मारली आणि बंद केला. तेव्हापासून टॅबवर "नापास" ही चिठ्ठी आहे. आणि त्याच टॅबवर ती दुपारभर चार्जर न लावता अमरावतीच्या सिंधूताईशी, म्हणजे तिच्या बहिणीशी, तोंड पाहून बोलत असते. दोघी एकदम आपापल्या घरी भाजी निवडतात. बॅटरी उतरते म्हणे!

संसारभर तिच्या हाताला सवय झाली की वस्तू विकली गेली. मालिका अर्धी असताना टीव्ही गेला, तेव्हाही ती "जाऊ द्या जी" एवढेच म्हणाली. हा एकच तिने धरून ठेवला. मागून घेतला असता तर मी नाही म्हटले नसते. पण तिला मागणे येत नाही, आणि मला विचारणे येत नाही.

परवा दुर्गेश म्हणाला, "बाबा, तुम्ही दवाखान्यात असतानाच नापासचं सगळं गाडीत देऊन टाकतो, घर मोकळं होईल." शोभा पोळी लाटत होती. लाटणे थांबले.  टॅब राहू द्या म्हटले असते तर तिचा स्वतःचा शब्द खोटा पडला असता.

म्हणून दुकानाचा मालक या नात्याने ठरवतो की सदर टॅब नापास आहे आणि नापासच राहील. तो विकू नये, खोलू नये, गाडीत देऊ नये. तो शोभाचा आहे. हे कलम माझ्या मरणाची वाट न पाहता आजपासून लागू. वकील म्हणतात, असे होत नाही. होते. दुर्गेशला समोर बसवून वाचून दाखवले आहे. तो आधी हसला, मग उठून आईजवळ जाऊन बसला.

काल मी टॅबमध्ये नवी बॅटरी टाकली. बरीच वर्षे जाईल. तरी कोणी मागायला आले तर शोभाने नेहमीचेच सांगावे, "नाई गा भाऊ, याची बॅटरी उतरते."

वरील मजकूर वाचून, समजून आज दोन साक्षीदारांसमोर सही करतो. सही करताना स्वयंपाकघरातून शोभाचा आवाज आला, "काहून हसून राहिले जी? सही करा अन् गोळी घ्या." गोळी घेतली.

सही: रुपराव मारोतराव भोयर

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
१. विश्वनाथ गणेश पाध्ये, शेजारी
२. जिजाबाई नामदेव उमाटे, जुने गिऱ्हाईक (मिक्सर, काकूने पास केलेला, अजून चालू)

स्थळ: सक्करदरा, नागपूर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५