सिग्नलच्या खांबापर्यंत

३ फेब्रुवारी, सोमवार

धाकट्या बहिणीने घरोघर वाटलेल्या पत्रकात परवाच्या सभेची हकिकत आली आहे. ती तशी नाही. सभा रविवारी नव्हे, शनिवारी झाली. ‘सुमारे शंभर नागरिक’ नव्हते. सदतीस होते, आणि त्यांतील दोघे झोपलेले होते. ‘ज्येष्ठ बंधूंनी मौलिक सूचना केल्या’ असे छापले आहे. मी सूचना केली नाही, विरोध केला. जन्मभर छापखान्यात मुद्रिते तपासली. आता माझ्याच घराच्या वरच्या मजल्यावरून असला मजकूर बाहेर पडतो!

तिचे म्हणणे असे: आमच्या मागच्या भिंतीलगतची, रूळ उखडून नेलेली रेल्वेची पट्टी नगरपालिकेने साफ करावी आणि तेथे चालण्याची व सायकलींची वाट करावी. पाठिंब्याच्या सह्यांसाठी तिने एक विक्षिप्त नियम केला आहे. घरी बसून सही घ्यायची नाही. पट्टीच्या टोकाला सिग्नलचा जुना खांब आहे. तेथवर स्वतःच्या पायांनी जायचे आणि खांबाला टांगलेल्या वहीत सही करायची. “जो चालला नाही त्याचा पाठिंबा मला नकोच,” म्हणते.

मी विचारले, “आपल्या घरात कोण चालणार?” ती पत्रकांचा गठ्ठा उचलून जिना चढली.

माझ्या पत्नीच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेला आठ महिने झाले. पायाने अधू झालेल्या माणसाच्या खिडकीखालून लोकांनी खिदळत, घंट्या वाजवत जावे, यासाठी धाकटी सह्या जमवते. नणंद शोभते खरी.

सायंकाळी वखारवाल्याकडे विरोधकांची बैठक. ही दिवसभर पलंगावर.

६ फेब्रुवारी, गुरुवार

हरकतीचा पहिला खर्डा वखारीत वाचला. वखारवाल्याच्या फळ्या त्या पट्टीवर रचलेल्या असतात, म्हणून त्याचा विरोध. माझा विरोध तत्त्वाचा आहे. वाचन संपल्यावर तो म्हणाला, “साहेब, निम्मं कळलं नाही. पण ऐकताना घाम फुटला. असंच पाहिजे.”

हिच्या काठीचे रबरी बूच झिजून वाकडे झाले आहे. पलंगाशी टेकून ठेवलेली काठी झिजते! दुकानात जाऊन सुनावले. दुकानदार म्हणाला, “आजोबा, बूच काय उभ्या उभ्या झिजतं होय?” उद्धट माणूस. हलका माल विकायचा आणि वर तोंड करायचे.

९ फेब्रुवारी, रविवार

हिची भूक सुधारली आहे. औषधांच्या वेळा मी बदलल्या, त्याचा हा गुण.

१२ फेब्रुवारी, बुधवार

रोज सकाळी मी हिला खोलीत चालवतो. भिंतीपासून कपाटापर्यंत, हात धरून. आज म्हणाली, “अहो, या भिंतीचे पोपडे मला तोंडपाठ झालेत. मागचं दार उघडा की जरा.”

नाही म्हटले. मागे खडी आहे. पडली तर दुसरा खुबा.

मागचे कुलूप पाहून आलो. किल्ली फिरवताच उघडले. गेल्या वर्षी घातलेले तेल अद्याप टिकून आहे. जुन्या वस्तूंची गोष्टच निराळी.

हिच्या शालीला कुसळे चिकटलेली होती. धाकटी त्या गवतातून येते आणि थेट हिच्या पलंगावर बसते. बजावणार होतो. तर ही म्हणते, “वन्संना एक शब्द बोलायचा नाही.” नणंदेसाठी भावजयीने नवऱ्याशी भांडावे, हे आमच्याच घरात घडायचे होते.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सह्यांची मुदत परवा संपली. यादीची प्रत नगरपालिकेच्या फलकावर लागली. वखारवाल्यास घेऊन वाचावयास गेलो. ऱ्हस्व-दीर्घाकडे दुर्लक्ष केले. यादीच्या अगदी शेवटी हिचे नाव. हिची सही.

वखारवाल्याने माझ्या पाठीवर थाप मारली. “साहेब, सापडली बघा! काकू तर अंथरुणाला खिळलेल्या. एक खोटी निघाली की सगळ्या खोट्या.”

तसेच जिना चढून धाकटीस जाब विचारला. ती सायकलीचे चाक मांडीवर घेऊन पंक्चर काढत होती. मान वर न करता म्हणाली, “वहिनीला विचार ना.”

विचारणार नाही. आजारी माणसास या चिखलात ओढणे मला शोभत नाही. सख्खी बहीण माझ्या पत्नीच्या नावाने खोटी सही करते. मग तिच्याशी नगरपालिकेच्या सुनावणीतच बोलू.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सुनावणी झाली. सभागृह भरले होते. हरकत उभ्याने वाचली. ‘सदर पट्टीचा वापर मोकाट कुत्र्यांव्यतिरिक्त कोणीही करीत नाही’ या वाक्याला वखारवाल्याने टाळी वाजवली. त्यानंतर यादीतील शेवटच्या सहीकडे बोट दाखवून मी म्हणालो, “ही सही खोटी आहे. ही स्त्री माझी पत्नी आहे, आणि ती खोलीबाहेर पाऊल टाकू शकत नाही.”

धाकटी मागच्या रांगेतून म्हणाली, “दादा, बस खाली. नंतर तुलाच वाईट वाटेल.” भरसभेत धमकी.

अधिकारी तरुण, पण नेमका. “उद्या सकाळी मी स्वतः येऊन विचारतो,” म्हणाला. “सही खोटी निघाली तर यादी रद्द. वाटेचा विषयही बंद.”

घरी येऊन हिला सांगितले, “उद्या साहेब येतील. एवढंच सांग, की मी तिथे गेले नाही.” ही वेणी घालत होती. म्हणाली, “सांगते ना काय ते. तुम्ही मागचं दार तेवढं उघडं ठेवा.”

गोंधळली बिचारी. अधिकारी पुढच्या दाराने येणार.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

दुरुस्त्या.

३ फेब्रुवारी: ‘ही दिवसभर पलंगावर’ हे चूक. मी वखारीत असताना धाकटीचा हात धरून पट्टीवरच्या मोरीच्या पुलापर्यंत जाऊन आली.

६ फेब्रुवारी: बूच उत्तम मालाचे होते. दुकानदाराची क्षमा मागणे.

९ फेब्रुवारी: औषधांच्या वेळांचा संबंध नाही.

१२ फेब्रुवारी: कुलपास तेल गेल्या महिन्यात घातले गेले. घालणारा मी नव्हे. कुसळे हिची स्वतःची.

१८ फेब्रुवारी: सही खरी. १६ तारखेची, मुदतीच्या शेवटच्या दिवसाची. मी वखारीत चौथा खर्डा वाचत होतो, तेव्हा ही खांबापाशी होती. कोणाचाही हात न धरता गेली होती.

२७ फेब्रुवारी: ‘मोकाट कुत्र्यांव्यतिरिक्त’ हे शब्द वगळावेत. ‘खोटी’ हा शब्द आज अधिकाऱ्यासमोर मागे घेतला. यादी कायम.

२८ फेब्रुवारी: अधिकाऱ्याला उत्तर म्हणून ही काठी घेऊन मागच्या दाराने खांबाकडे निघाली, मागोमाग आम्ही दोघे. पुलापाशी मला धाप लागली, बसावे लागले. ही पुढे जाऊन काठीवर रेलून थांबली. “या सावकाश,” म्हणाली. खांबावरच्या वहीत तिच्या नावाखालची ओळ रिकामी होती. मुदत गेली, आता सही धरता येणार नाही, असे अधिकारी म्हणाला. नियम बरोबर आहे. केली.